शुक्रवारची ट्रायल

इब्राहिमभाई गेल्याचं मला भाजीवाल्याकडून कळलं. हातात पडवळ होतं. "तुमचा तो कुवेतवाला मिस्त्री काल गेला," असं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. दफनसुद्धा होऊन गेलं होतं. तीनच दिवसांपूर्वी मी त्यांना हॉस्पिटलात भेटलो होतो, आणि त्या भेटीतही त्यांच्याशी खोटं बोललो होतो. ते जाऊन आता चाळीस दिवस झाले. ते खोटं सांगायलाच आज लिहायला बसलोय.

मी इथल्या एका प्रकल्पावर स्टोअरमध्ये कारकून होतो. प्रकल्पाचा गाशा गुंडाळला तेव्हा परदेशी इंजिनिअरांचा एक जुना पिकअप ट्रक लिलावात निघाला, तो मी घेतला. आंब्याच्या पेट्यांची भाडी मारीन, असा बेत. "हत्ती घेतलात, आता माहूत शोधा," बायको म्हणाली. गाडी ऑटोमॅटिक, गियर आपोआप पडणारे. पण शेवटचा, ओव्हरड्राइव्हचा गियर काही केल्या पडेना. सपाट हायवेवरसुद्धा इंजिन घाट चढत असल्यासारखं बोंबलायचं. दोन गॅरेजवाल्यांनी गियरबॉक्स गेला म्हणून हात वर केले. मग कोणीतरी बावीस वर्षं कुवेतला अशाच गाड्या दुरुस्त करून परत आलेल्या इब्राहिमभाईंचं नाव सांगितलं.

त्यांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. गियरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली, तेलाचा वास घेतला. "जळलेला नाय. बॉक्स चांगला हाय." मग मला हायवेवर हातखंब्याच्या नाक्यापुढपर्यंत गाडी हाणायला लावली, स्वतः शेजारी डोळे मिटून बसले. थांबल्यावर बॉनेट उघडून रेडिएटरच्या पाइपाला हात लावला. एवढं पळूनही पाइप जेमतेम कोमट होता. "जाधव, थर्मोस्टॅट कोनी काढला?" पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारा तो व्हॉल्व मीच काढला होता. घाटात गाडी तापू नये म्हणून आमच्याकडचा कुठलाही जुना ड्रायव्हर तो आधी काढून फेकतो, आणि वर शहाणपण मिरवतो. "आवो, पानी गरम झाल्याबिगर ही गाडी शेवटचा गियर टाकीत नाय. तुमी तिला तापूच देत नाय, मंग ती काय करंल?" थर्मोस्टॅट परत बसवला, आणि हायवेला लागल्यावर थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज अलगद उतरला. इब्राहिमभाईंनी डोळे न उघडताच बोट वर केलं. "लागला."

पुढच्याच वर्षी बायको गेली. मुलगी तिच्या संसारात पुण्याला. घरात भांडं पडलं तरी ते मीच पाडलेलं असायचं... अशा एका गुरुवारी मी इब्राहिमभाईंना फोन केला आणि काही सुचेना म्हणून म्हणालो, गाडी परत तसंच करतेय. शुक्रवारी नमाज आटोपून ते आले. आम्ही हायवेवर गेलो, गियर अर्थातच पडला. येताना हातखंब्याला चहा झाला, भजी झाली, कुवेतच्या गोष्टी झाल्या. "आज तर लागला," ते म्हणाले. मी म्हणालो, "तुमच्यासमोर बरोबर चालते हो. पुढच्या शुक्रवारी बघू परत." असे सहा वर्षं शुक्रवार झाले. त्यांनी वायरी तपासल्या, गियरच्या दांड्यावरचं बटण बदललं, दुखऱ्या गुडघ्यांनी गाडीखाली शिरले. मला लाज वाटायची. पण शुक्रवार संपून घरी आलो की पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन उचलायचो.

मग एकदा मी त्यांच्याकडे चहा पीत असताना चिपळूणचा एक माणूस ऑटोमॅटिक गाडी घेऊन आला. इब्राहिमभाईंनी त्याला दारातूनच परत पाठवला. "माझा कान फसवतो आता. ह्या जाधवांच्या गाडीचा दोष मला सहा वर्सांत गावला नाय." असल्या गाड्यांसाठी जिल्हाभरातून माणसं त्यांच्याकडे यायची... त्या क्षणी सगळं सांगून टाकायला हवं होतं. मी चहा संपवला आणि घरी आलो.

हॉस्पिटलात त्यांनी पहिलं विचारलं ते गाडीचंच. मी ओठांवर आलेलं गिळलं. हा माणूस निदान ह्या गाडीसाठी तरी उठेल, असं मला वाटलं. म्हणालो, "तसंच करतेय. बरे व्हा, मग बघू." त्यांनी डोळे मिटले. ते ऐकत होते की थकले होते, मला कळलं नाही.

परवा कुवेतहून त्यांच्या मुलाचा, नदीमचा फोन आला. तोही तिथे गॅरेजातच आहे. "काका, बाबांनी सांगून ठेवलाय, जाधवांच्या गाडीचा फॉल्ट मला गावला नाय, तो तू काढून दे. पुढच्या महिन्यात येतोय मी. नक्की काय होतं, सांगा."

आणखी एक शुक्रवार मागून घ्यावा, असं क्षणभर मनात आलं. पण मी म्हणालो, "फॉल्ट नाही रे. तुझ्या बाबांनी तो पहिल्याच दिवशी काढला होता."

"मंग दर शुक्रवारी येत कशाला होते?"

"मी बोलवायचो म्हणून."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "त्यांना सांगायला हवा होता, काका."

"हो," मी म्हणालो.