चष्मेताईचं वचन

चष्म्याच्या दुकानात आरशाखाली तिचं स्टूल होतं. गिऱ्हाईक आत आलं, की मालक नंबरचा कागद बघायचे आणि ती माणसाचे कान बघायची.

"डावा कान जरा वर आहे तुमचा, म्हणून चष्मा तिरका बसतो," ती सांगायची. "चूक चष्म्याची नाही, देवाची आहे. पण त्याच्याकडे तक्रार न्यायची तर फार वर जावं लागेल. द्या इकडे."

माणूस हसेपर्यंत तिने चष्म्याची काडी गरम हवेवर धरून अंगठ्याने वाकवलेली असायची. मग चष्मा त्याच्या कानामागे बसवून ती विचारायची, "टोचतंय का?" लहानथोर सगळे तिला चष्मेताई म्हणत. तोंडाने फटकळ, हाताने हळुवार, असा तिचा लौकिक होता.

ही बाई एकेकाळी नन व्हायला निघाली होती, हे मात्र कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

ऐन तारुण्यात ती मठात दाखल झाली होती. उमेदवारीच्या त्या काळात तिच्याबरोबर एक उंच, लांब मानेची मुलगी होती. हिने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव उंटीण ठेवलं. दोघींकडे चादरी धुण्याचं काम. ओली चादर दोन टोकांनी धरून पिळायची, आणि पिळता पिळता कोण कोणाला ओढतंय यावरून हसून लोटपोट व्हायचं. मोठ्या सिस्टर खिडकीतून डोळे वटारायच्या. एवढं निर्मळ हसू आपल्याला पुन्हा कधी आलं नाही, असं ती पुढे म्हणायची.

पहिली व्रतं घ्यायला थोडेच महिने उरले होते, तेव्हा आईला अर्धांगवायूचा झटका आला. वडील आधीच गेले होते. थोरला भाऊ बोटीवर नोकरीला होता. तो मठाच्या भेटीच्या खोलीत येऊन बसला. टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "छोटे, दोन वर्षं सांभाळ आईला. माझं बस्तान बसलं की मी तिला घेऊन जातो. मग तू खुशाल परत ये. देव काय पळून जातोय?"

दादाचा शब्द तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ होती. तिने सामान बांधलं. उंटीण फाटकापर्यंत आली. दोघींपैकी कोणीही काही बोललं नाही, कारण दोन वर्षांचाच तर प्रश्न होता.

आई त्यानंतर तीस वर्षं जगली. दादाचे सुरुवातीला फोन येत. प्रत्येक फोनवर "आता या वर्षी नक्की." मग फोन वर्षातून एखादा, मग तोही बंद. चष्मेताईने सकाळी आईची कूस बदलली, पाठीला पावडर लावली, दुपारी दुकानातून धावत येऊन भरवलं, संध्याकाळी पुन्हा कूस बदलली. कधी रागाने, कधी प्रेमाने, बहुतेक वेळा सवयीने. मठात जायचं वय निघून गेल्याची चिठ्ठी कोणी पाठवली नाही. ते आपोआप निघून गेलं.

आई गेली त्या दुपारी शेजारीण दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघूनच चष्मेताई समजली. हातात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा चष्मा होता. तिने त्याचा बारीक स्क्रू शेवटपर्यंत पिळला, काच पुसली, चष्मा त्याच्या नाकावर बसवला आणि मग उठली.

दादाला निरोप धाडला. तो आला नाही.

नंतरचे कित्येक दिवस पहाटे कूस बदलायच्या वेळेला तिला जाग यायची आणि हात पलीकडच्या रिकाम्या खाटेकडे जायचे. अशातच एका रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर फादरांनी सांगितलं, की मठातल्या सिस्टर आता प्रापंचिक माणसांनाही आपल्या संघात घेणार आहेत. घर सोडायचं नाही, नोकरी सोडायची नाही. काही वर्षं साधना शिकायची, आणि मन तयार झालं तर वचन द्यायचं. ती त्याच आठवड्यात मठाच्या दारात जाऊन उभी राहिली.

दार उघडलं उंटिणीने. ती आता तिथली प्रमुख होती. पाठीत वाकली होती, त्यामुळे दोघींची उंची जवळपास सारखी झाली होती.

"आलीस?" एवढंच ती म्हणाली आणि तिने चष्मेताईचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

शिकवणी तळमजल्यावर, जुन्या इस्त्रीच्या खोलीत व्हायची. भिंतींना अजून स्टार्चचा वास होता. गटात एक नर्स होती, एक निवृत्त मास्तर आणि एक टॅक्सीवाला. टॅक्सीवाला मौनाच्या वेळी हमखास घोरायचा. मग मास्तर त्याला कोपराने ढोसायचे आणि तो दचकून मोठ्याने "आमेन" म्हणायचा.

उंटीण, आता सगळ्यांची सिस्टर, अगदी साध्या गोष्टी शिकवत. सकाळ-संध्याकाळ स्तोत्रं कशी म्हणायची. एकच ओळ दिवसभर मनात कशी घोळवायची. संध्याकाळी दिवसाची उजळणी कशी करायची: आज देव कुठे भेटला, आणि आज तो समोर असूनही मी कुठे तोंड फिरवलं. चष्मेताईला हे सगळं मुखोद्गत होतं. आईच्या खाटेशी बसून तिने तीस वर्षं स्तोत्रं म्हटली होती. ती टॅक्सीवाल्याचे उच्चार सुधारायची, नर्सने प्रश्न विचारला तर सिस्टरच्या आधी उत्तर द्यायची. एका संध्याकाळी सिस्टरनी तिला थांबवून घेतलं.

"पुढचे काही दिवस तू गटात फक्त ऐक. बोलू नकोस."

"का? काय चुकीचं बोलले मी?"

"चुकीचं काहीच नाही. तू इथे तेव्हाचं अर्धं राहिलेलं पूर्ण करायला आली आहेस. ते इथे नाहीये गं. हे वेगळं आहे. याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते."

चष्मेताईचा तोल गेला. "पहिल्यापासून? माझी पन्नाशी उलटली, उंटीणबाई! तुला जे ताटात वाढून मिळालं, त्यातलं उरलंसुरलं मला देतेस, आणि वर सांगतेस की नीट चावून खा?"

सिस्टर इस्त्रीच्या टेबलाला टेकल्या. मग म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा मी मठाच्या कामाने परक्या देशात होते. तार मिळाली तोवर तिला पुरून झालं होतं. तिच्या शेवटच्या दिवसांत तिच्या तोंडात पाण्याचा थेंब कोणी घातला, हे मला आजही माहीत नाही. तुझ्याबद्दल कोणी काही सांगितलं की मला तुझा हेवा वाटायचा. मला काय ताटात वाढून मिळालं ते तुला वाटतं तेवढं सोपं नाही."

चष्मेताई निघून गेली. दोन महिने ती मठाकडे फिरकली नाही. दुकानात मात्र तिचा हात जड झाला. "टोचतंय का?" विचारल्यावर एक बाई चक्क म्हणाली, "हो, फार." मालकांनी तिच्याकडे चमकून पाहिलं.

ती परत गेली आणि दाराजवळच्या मागच्या खुर्चीवर बसली. उच्चार सुधारणं बंद केलं. नर्सने एकदा सांगितलं, की मरणाऱ्या माणसाचे पाय पुसताना तिला प्रार्थना सुचत नाही, नुसती कंबर दुखते. चष्मेताईला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की आपल्यालाही तीस वर्षं नुसती कंबरच दुखत होती, आणि हे कोणाला तरी सांगता येईल. तिने ते सांगितलं. मग ती रडली, आणि टॅक्सीवाल्याने तिला गाडी पुसायचं फडकं पुढे केलं. दुसरं काही त्याच्याजवळ नव्हतं.

त्याच हिवाळ्यात दादा आला.

दार वाजलं. बाहेर एक अनोळखी माणूस आणि त्याच्या मागे गळ्याला रुमाल गुंडाळलेला एक हाडांचा सापळा. अनोळखी माणूस म्हणाला, "मी यांचा शेजारी. यांना दुसरं कोणी नाही असं म्हणाले. म्हणजे... लिहिलं." दादाच्या घशाचा कॅन्सर काढताना स्वरयंत्रही काढलं होतं. गळ्याला भोक होतं, त्यातून श्वास शीळ घातल्यासारखा यायचा. संसार कधीच मोडला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते.

तीस वर्षं चष्मेताईने या माणसाला सुनवायची वाक्यं घोकली होती. रस्त्याने चालताना, भांडी घासताना, आईची चादर बदलताना. आता तो समोर उभा होता आणि तिच्या तोंडून निघालं, "आत ये. दारात वारा आहे."

आईची खाट पुन्हा मांडली गेली. तिने त्याला पाटी आणि खडू आणून दिला. तो लिहायचा: "पाणी". "खिडकी". "दुखतंय". ती पाणी द्यायची, खिडकी लावायची, औषध घालायची. मठातली संध्याकाळची उजळणी आता ती घरीच करायची. पण "देव कुठे भेटला" या प्रश्नापाशी तिची गाडी रोज अडायची, कारण डोळे मिटले की मठाच्या भेटीच्या खोलीतली ती टोपी आणि तो गुडघा दिसायचा.

एका संध्याकाळी त्याला भरवून झाल्यावर तिने विचारलंच. "दादा, का नाही आलास?"

त्याने पाटी घेतली. मग लिहिलं, "छोटे". पुढे हात चालेना. खडू पाटीवर टेकलेला, श्वासाची शीळ वाढलेली. ती वाट बघत राहिली. शेवटी त्याने बाहीने पाटी पुसली, खाटेखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर ना तिने विचारलं, ना त्याने पाटी मागितली. पाणी हवं असलं की तो नुसता हात हलवायचा.

ती सिस्टरकडे गेली. उभ्या उभ्याच म्हणाली, "त्याच्याकडे उत्तरच नाहीये."

"किंवा आहे, आणि ते सांगण्यासारखं नाही."

"मग मी काय करू? क्षमा करू? कशाची करू? काय झालं तेच मला माहीत नाही!"

"आत्ता त्याला काय हवंय?"

चष्मेताईला प्रश्न कळेना. "उशी. उशी बसलीय त्याची. मान अवघडते."

"मग उशी बदल."

"एवढंच? इतकी वर्षं हेच शिकवतेस तू?"

"एवढंच मला शिकवता येतं," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "पुढचं मला स्वतःलाही येत नाही गं."

तिने उशी बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलली. राग गेला नाही. पण राग असतानाही हात हळुवार राहू शकतो, हे तिला दिसलं. ते आईच्या वेळीही तसंच असणार. तेव्हा बघायला तिला फुरसत नव्हती.

दादाचा शेवट इस्पितळात झाला. ती बाजूच्या बेसिनपाशी त्याची वाटी विसळत होती, तेव्हा ती शीळ थांबली. ती ओल्या हातांनीच त्याच्याजवळ आली. तिने त्याच्यासाठी स्तोत्र म्हटलं, सगळं, एकही ओळ न गाळता. मग त्याचे डोळे मिटले आणि म्हणाली, "आता तर सांगणारच नाहीस." बाहेर टॅक्सीवाला गाडी घेऊन थांबला होता. गटातल्या नर्सने त्याला कळवलं होतं. तो तिला घरी घेऊन आला आणि अंधार पडेपर्यंत समोरच्या खुर्चीवर बसून राहिला. एवढ्या वेळात त्याला एकदाही डुलकी लागली नाही.

वचनाचा दिवस पुढे ढकलायचा का, असं सिस्टरनी विचारलं. ती नको म्हणाली.

मठाच्या छोट्या चॅपलमध्ये मिस्सा झाली. दुकानाचे मालक आले होते, शेजारीण आली होती. घरचं असं कोणी उरलंच नव्हतं. नर्सने वचन दिलं, मास्तरांनी दिलं, टॅक्सीवाल्याने एक शब्द चुकवून दिलं. मग चष्मेताई पुढे गेली. सिस्टर समोर उभ्या होत्या. वचन असं होतं: "माझ्या घरात आणि माझ्या कामात, माझ्या वाट्याला आलेली माणसं मी आनंदाने स्वीकारीन, आणि त्यांच्यात तुझी सेवा करीन."

ती "वाट्याला आलेली माणसं मी" इथपर्यंत आली आणि थांबली. बाकावर कोणीतरी खोकलं. सिस्टरना पुढचा शब्द सुचवता आला असता. त्यांनी सुचवला नाही. मग चष्मेताई म्हणाली, "...मी स्वीकारीन, आणि त्यांच्यात तुझी सेवा करीन."

सिस्टरनी तिच्या गळ्यात लाकडी क्रूस घातला. नंतर व्हरांड्यात त्यांनी हळूच विचारलं, "शब्द विसरलीस?"

"नाही."

"बरं," सिस्टर म्हणाल्या आणि दोघी चहाला गेल्या.

वर्ष संपायच्या आत सिस्टरची दूरच्या मठात बदली झाली. या वयात आता पुन्हा भेट कुठली, हे दोघींनाही कळत होतं. चष्मेताई फाटकापर्यंत गेली. या वेळी निघून जाणारी ती नव्हती, एवढाच फरक. तिने सिस्टरचा चष्मा काढून घेतला, पदराने पुसला, काडी जराशी दाबून पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर बसवला.

वचन दरवर्षी नव्याने द्यायचं असे; पुढच्या वर्षी ते नव्या सिस्टरसमोर झालं. तरुण, उत्साही मुलगी होती. चष्मेताई त्याच ठिकाणी थांबली तेव्हा त्या मुलीला वाटलं, म्हातारीची आठवण दगा देतेय. ती प्रेमाने पुढे वाकली आणि कुजबुजली, "आनंदाने."

ऐकू आलं, अशा अर्थी चष्मेताईने मान हलवली, आणि त्याच्या पुढचा शब्द घेतला: "स्वीकारीन."