वरचा आवाज

कॅसेट नव्यानंच आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. सांगलीत हळदीच्या बाजारामागे एका रेडिओ मेकॅनिकचं दुकान होतं. फौजेत वायरलेसवर काम केलेला माणूस. हातातला स्क्रूड्रायव्हर कधी खाली ठेवायचा नाही; रिकामा असला की टेबलावर टकटक सुरू. मी टेपरेकॉर्डर दुरुस्तीला नेला. तो दुरुस्त करून त्याने आतलीच कॅसेट लावून पाहिली. मित्राने पाठवलेली, जुन्या फ्रेंच गाण्यांची.

"दोन गाणी एकात घुसल्यात," तो करवादला. "थांबा, एक काढतो. फौजेत हेच करत व्हतो."

"अहो, ते तसंच आहे, मित्राने पत्रात लिहिलंय. खालच्या आवाजात देवाचं स्तोत्र, वरच्या आवाजात प्रेमाचं गाणं. एकाच वेळी."

टकटक थांबली.

"आमची आई जात्यावर इठ्ठलाच्या ओव्या म्हणायची. म्होरं बसून बायको त्यातच आपलं कायतरी गायची. रजेवर आलो की मी आईचंच ऐकायचो."

"आणि बायको काय गायची?"

"इचारलंच न्हाई. आता कुणाला इचारू?"

त्याने टेप घाईघाईने मागे फिरवली.

"ही वरच्या आवाजातली काय म्हणतीया, तेवढं सांगा."

मला फ्रेंचचं अक्षरही येत नव्हतं. स्वतःचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता.