डाव्या फळीवरचे बूट

नवव्या दिवशी दुपारी थोरलीनं एका झाडावर टकटक केली, दारावर करतात तशी, आणि कान लावून उभी राहिली.

"कोणी आहे का घरात?" मागून धाकटीनं विचारलं.

"लाकूड बघतेय. ऐक की. दगड आहे नुसता. ह्याच्यात खिळा ठोकायला गेलं तर खिळाच वाकेल." थोरलीनं सालीवरून अंगठा फिरवला. "आणि ही साल बघ. असल्या सालीच्या पाण्यात कातडं कमावतात. महिनोन्‌महिने भिजू द्यायचं. घाई केली की वरून तयार दिसतं आणि आत कच्चं राहतं."

धाकटी खाली बघून पाठीवरच्या पिशवीचा पट्टा उगाच घट्ट करायला लागली. पट्टा आधीच घट्ट होता.

दोघी सख्ख्या जावा. थोरली अठ्ठावन्न वर्षांची, काटक, बोटांच्या पेरांना कायमचा काळा रंग. धाकटी पन्नाशीला टेकलेली, अंगानं भरलेली, चालताना ओठ सतत हलणारे. ती नामस्मरण करत चालायची. थोरलीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "तुझं नाम चालू दे, पण चढावर बंद ठेव. देवाला चालेल, तुझ्या फुप्फुसांना चालणार नाही."

ती वाट एकोणीस दिवसांची होती. तिला सगळे लांब वाट म्हणत. कठीण लाकडाच्या जुन्या झाडांचं जंगल, डोंगरामागून डोंगर, आणि चुकू नये म्हणून बुंध्याबुंध्यावर पांढरे पट्टे रंगवलेले. मुक्कामाला तीन भिंतींचे निवारे. पानगळीचे दिवस होते. घोट्यापर्यंत वाळकी पानं साचली होती आणि दोघींच्या चालण्याचा कुरकुर आवाज सारखा सोबत येत होता. ह्या वाटेच्या तोंडाशी जे गाव, त्या गावात त्यांचं बूट दुरुस्तीचं दुकान. वाटेला लागणारा प्रत्येक जण आधी त्या दुकानासमोरून जायचा. थोरलीनं वीस-पंचवीस वर्षं लोकांच्या बुटांना ह्या वाटेसाठी सोल लावले, पण स्वतः ती कधी गावाबाहेरच्या पहिल्या पट्ट्यापुढे गेली नव्हती.

अजूनही ती माणसांचे चेहरे बघत नसे, पाय बघे. सकाळी समोरून एक जोडपं आलं. नमस्कार-चमत्कार झाले. ते पुरेसे लांब गेल्यावर थोरली म्हणाली, "नवरा डावी टाच घासतो. बायकोचे बूट एक नंबरानं लहान आहेत. त्यानंच घेऊन दिलेले असणार."

"ते कसं कळलं?"

"स्वतः घेतले असते तर घालून बघितले नसते का?"

धाकटी हसली. थोरलीबरोबर हसणं तिला कधी जड गेलं नव्हतं, आणि हेच तिला खुपत होतं. दर दिवशी सकाळी ती हात जोडून देवाला सांगायची, आज बोलते. दर संध्याकाळी दिवस तसाच मावळायचा. उद्या दहावा दिवस. उद्या सकाळी खडकाचा उतार लागणार होता. त्याच्या आत बोलायचं होतं, कारण थोरली एवढी चालत आली होती ती त्या उतारासाठीच.

थोरली लग्न होऊन आली तेव्हा विशीची होती. नवरा मालवाहू गाडीवर, महिन्यातून चार दिवस घरी. दिराला दुकानात बसायला लाज वाटायची. तो पुढे कचेरीत चिकटला. सासऱ्यांचा एक डोळा अधू व्हायला लागला होता. आरीत दोरा ओवायला ते सुनेला हाक मारायचे. दोरा ओवता ओवता तिनं आरी हातात घेतली, मग कातडं कापायची रापी, आणि पाच-सहा वर्षांत गिऱ्हाईक "बाईंनाच द्या" म्हणायला लागलं. सासरे चिडले नाहीत. शेजारच्या शिंप्याला सांगायचे, "माझी दोन्ही पोरं बिनहाताची निघाली. हात सुनेबरोबर आला."

त्यांचा एकच नियम होता. काउंटरमागे दोन फळ्या होत्या. सोल चिकटवून शिकंज्यात आवळलेला बूट डाव्या फळीवर जायचा आणि तिथं एक पूर्ण दिवस आणि पूर्ण रात्र राहायचा. मग शिकंजा काढून, सोल वाकवून बघून, उजव्या फळीवर. गिऱ्हाइकाला द्यायचं ते उजवीवरून. डावीवरचं कुणालाही, कितीही अडला तरी, द्यायचं नाही. सोल्यूशन वरून सुकतं, आतून सुकायला वेळ घेतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

अकरा वर्षांपूर्वी सासूबाई दवाखान्यात होत्या. दुपारी तिथून निरोप आला. थोरली हात न धुताच निघाली आणि जाता जाता धाकटीला म्हणाली, "तासभर बस. फक्त उजवीवरचं दे."

धाकटीला दुकान कधी आवडलं नव्हतं, आणि आपल्याला ते येत नाही हेही आवडलं नव्हतं. घरात पाहुणे आले की थोरलीच्या हाताचं कौतुक व्हायचं आणि तिनं केलेली पोळी मुकाट्यानं खाल्ली जायची. त्या दुपारी एक उंच माणूस आला. शाळेत मुलांना कवायत आणि खेळ शिकवणारा मास्तर. बूट सकाळीच टाकले होते म्हणाला, उद्या मिळणार हेही माहीत होतं, पण सोबतचे लोक आजच निघतायत. त्यानं हट्ट केला नाही. फक्त विचारलं, "तुम्हीच मालकीण का?"

"हो," धाकटी म्हणाली.

एवढंच ते. हो म्हटल्यावर आता नाही कशाला म्हणायचं. तिनं डाव्या फळीवरचा जोड उतरवला, दोन्ही शिकंजे सोडवले, सोल दाबून बघितले. पक्के वाटले. मास्तर आभार मानून गेला. संध्याकाळी थोरलीनं रिकामी जागा बघून विचारलं, "मास्तरांचे गेले?" आणि धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "हो, उजवीवर होते ना."

दिवसभराच्या धावपळीनं थोरलीचे डोळे लाल झाले होते. "मीच ठेवले असतील," ती म्हणाली.

तेव्हा ते काहीच नव्हतं. धाकटीनं स्वतःला तसं समजावलंही. तीन आठवड्यांनी टपालानं एक बूट आला, टाचेपासून अर्धा सोल उकललेला. सोबत चिठ्ठी. खडकाच्या उतारावर सोल सुटला, पडलो, गुडघ्याचा चुरा झाला. कुणाला दोष देत नाही, पुढच्या माणसासाठी कळवतो. मास्तर पुढे लंगडत चालायला लागले, कवायत सुटली आणि शाळेनं त्यांना ग्रंथालयात बसवलं, हे नंतर कळत गेलं.

सासऱ्यांनी तो बूट मांडीवर घेऊन बराच वेळ चाचपला. मग चांगला डोळा थोरलीकडे वळवून विचारलं, "फळी चुकली?"

"चुकली असेल," थोरली म्हणाली.

धाकटी तेव्हा दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. तो तिनं खाली ठेवला आणि आत गेली. सासरे त्याच हिवाळ्यात गेले.

थोरलीनं चालणाऱ्यांचे बूट घ्यायचं बंद केलं. पिशव्यांच्या चेनी, चपलांचे अंगठे, पट्ट्यांना भोकं, एवढंच उरलं. दुकानासमोरून वाटेला जाणारी माणसं आत डोकावायची आणि ती मान न उचलता "तेवढं आम्ही करत नाही" म्हणायची. आणि घरात त्याचा विनोद झाला. भाजी अळणी झाली, किल्ली सापडेना, पोरानं मोजे उलटे घातले की धाकटीचा नवरा म्हणायचा, "फळी चुकली वाटतं." सगळे हसायचे. थोरलीही हसायची. धाकटीच्या घशात घास अडकायचा आणि नवरा म्हणायचा, "पाणी पी गं, कुणी मागे लागलंय का तुझ्या?"

देवाला तिनं सगळं सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा. देवाला सांगणं सोपं होतं. तो उलटून काही विचारत नाही.

दहाव्या दिवशी सकाळी जंगल एकदम विरळ झालं. झाडं मागे सरली आणि समोर रुंद, करडा खडक खाली उतरत गेलेला दिसला. पावसाचं पाणी जाऊन जाऊन गुळगुळीत झालेला. पट्टे आता खडकावरच रंगवले होते. थोरली काठी टेकत दहा-बारा पावलं उतरली आणि थांबली.

"इथंच कुठंतरी," ती म्हणाली.

पिशवी उतरवून ती खाली बसली. तळहात खडकावर ठेवला, दुकानात नवं कातडं बघताना ठेवायची तसा. मग दोन्ही हात जोडले. ती फारशी देवदेव करणारी नव्हती. धाकटीनं तिला असे हात जोडताना क्वचितच पाहिलं होतं.

"मास्तर," थोरली हळू आवाजात म्हणाली, "माझ्या हातून झालं. फार उशिरा आले. माफ करा."

धाकटीच्या ओठांवरचं नाम थांबलं.

"जाऊबाई, ते तुमच्या हातून झालं नाही."

"असू दे गं. तू नको मला समजावूस."

"समजावत नाही. बूट डावीवर होते. मी डावीवरून दिले. तुम्हाला खोटं सांगितलं."

थोरलीनं जोडलेले हात सोडले नाहीत. खाली दरीत कुठंतरी पाणी वाहत होतं. धाकटी बोलत सुटली. मास्तर काय म्हणाला, मालकीण का म्हणून विचारलं, आपण हो म्हटलं, दुसऱ्या दिवशी सांगणार होते, मग बूट आला, मग मामंजी. बोलता बोलता ती खडकावरच बसली आणि तिनं थोरलीच्या पायाकडे हात नेला.

"पायाला हात लावू नकोस," थोरली म्हणाली. "नऊ दिवसांचे आहेत."

मग तिनं विचारलं ते धाकटीला अपेक्षित नव्हतं.

"शिकंजे कुणी सोडवले?"

"मी."

"सहज सुटले?"

"नाही. जोर लागला. फडकं घेऊन फिरवावे लागले."

"म्हणजे नीट आवळले होते." थोरलीनं मान हलवली, स्वतःशीच. "मला किती वर्षं वाटायचं, आवळलेच नसतील. सासूबाईंच्या गडबडीत नुसते अडकवले असतील. झोपेत पण ते फिरवून बघायचे मी."

धाकटीला रडू फुटलं. थोरली रडली नाही. ती उठली, पिशवी पाठीवर टाकली आणि उतरायला लागली, एकेक पाऊल आडवं टाकत. दहा पावलांवर वळून म्हणाली, "आडवी उतर. सरळ उतरलीस तर घसरशील." आवाजात माया नव्हती. रागही नव्हता. पाऊल कसं टाकायचं तेवढंच सांगितलं होतं.

दिवसभर ती पुढे चालली. ना कुणाच्या टाचा बघितल्या, ना झाडावर टकटक केली. दुपारी पानांच्या ढिगात एक म्हातारा चालणारा बसला होता, त्यानं बुटाची अंगठ्याजवळ उसवलेली शिवण दाखवून काही जुगाड आहे का विचारलं. थोरली थांबली, पिशवीतून आरी काढली, गुडघ्यावर बूट घेतला आणि सात टाके घातले. म्हातारा म्हणाला, "हात चांगला आहे बाई तुमचा."

"हो," थोरली म्हणाली. "आहे."

धाकटी दोन पावलं मागे उभी होती. थोरलीनं आरी पुसून ठेवली आणि तिच्याकडे न बघता चालू लागली.

ऊन उतरायच्या सुमाराला निवारा आला. तिथून झाडांच्या फटीतून खाली सडक दिसत होती, आणि सडकेवरून जाणारी एखादी गाडी. थोरली फळकुटावर बसली, बुटांच्या नाड्या सैल केल्या.

"मामंजींनी मला विचारलं होतं," ती म्हणाली.

"मी दारातच होते."

"माहीत आहे. तांब्या ठेवल्याचा आवाज आला होता." ती नाडी बोटाभोवती गुंडाळत राहिली. "त्यांना आता कोण सांगणार? ते गेले तसेच."

धाकटी म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते करीन."

"ते मला नको. म्हणेन ते तू आजवर करतच आलीस, घरात सगळ्यात जास्त. का ते आता कळलं." थोरलीनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "उद्या ती सडक लागेल. तिथून गाडी मिळते. तू घरी जा."

"आणि तुम्ही?"

"माझे नऊ दिवस राहिलेत. मी पुरे करणार."

"एकट्या?"

"पट्टे आहेत की झाडांवर." तिनं बूट काढून बाजूला ठेवले. "धाकटे, एक काम कर माझं. मी घरी पोचायच्या आत सगळ्यांना सांग. भाऊजींना, पोरांना, माझ्या नवऱ्याला फोन करून. सगळं, मला सांगितलंस तसं, मालकीण म्हणालीस त्याच्यासकट. मास्तरांकडे स्वतः जा, चिठ्ठी पाठवू नकोस. पण मी यायच्या आत. मी समोर असले ना, तर तुझं तोंड बघून मीच मध्ये बोलेन, जाऊ दे, झालं गेलं म्हणेन. सवयच आहे मला. ह्या वेळी मला तसं म्हणायला लावू नकोस."