सहा महिने भरेपर्यंत

सांगलीतल्या आमच्या संस्थेला सरकारी अनुदान मिळायचं ते एकाच कामासाठी. सैन्यातून आलेली, पण पुढं घरदार सुटून रस्त्यावर पडलेली माणसं शोधायची आणि त्यांना कुठंतरी नोकरीला लावायचं. शोधायचं काम सुभेदार साहेबांचं. ते स्वतः निवृत्त फौजी. मी ऑफिसात बसून दर तिमाहीला अहवाल पाठवायची. अहवालात खरं बघितलं जायचं ते एवढंच, की लावलेला माणूस त्याच जागी सहा महिने टिकला का. टिकला तर तो ‘यशस्वी’. असे यशस्वी कमी पडले की पुढचं अनुदान अडायचं.

सुभेदार साहेबांना मेजर साताऱ्याच्या एसटी स्टँडवर भेटले. आमच्याकडं सैन्यातून आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात. हे नाईक होते, तेही पेन्शनीपुरती वर्षं भरायच्या आत बाहेर पडलेले. स्टँडवर राहूनसुद्धा दाढी रोज करायचे, नळावर, आरशाशिवाय. आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

“गाव कुठलं, मेजर?”

“विट्याच्या पुढं. पर तिकडं न्हाई जायचं, ताई. बाकी कुठंबी लावा.”

कारण नंतर हळूहळू कळलं. ते सीमेवर असताना घरी बायको तापानं गेली. थोरल्या भावानं तिला दवाखान्यात न्यायला उशीर केला, असं त्यांच्या मनानं घेतलं. भावाशी बोलणं तुटलं, सैन्यात मन लागेना, आणि बाहेर आल्यावर त्यांना जायला घर उरलं नाही.

तासगावला बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजवर त्यांना गेटवर लावलं. राहायला गेटशेजारची खोली. पहिले काही आठवडे ते खोलीबाहेरच झोपायचे. दार लावलं की जीव घाबरा होतो म्हणायचे. एकदा मी गेले तर कॉट आत गेली होती, वर पांघरुणाची चौकोनी घडी. मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा मला म्हणाले, “असा माणूस आजवर कुठं ठेवला होता तुम्ही?” त्या दिवशी परतीच्या एसटीत मी खूप खूश होते.

पाचवा महिना सरत आला तेव्हा ऑफिसात एका बाईंचा फोन आला. सुभेदार साहेबांनी मेजरना न विचारताच गावात निरोप धाडला होता, की तुमचा माणूस जिवंत आहे. फोनवर त्यांच्या वहिनी होत्या.

“आवं ताई, भावजी तुमच्याकडं हायत न्हवं? ह्यांचं काय खरं न्हाई आता. सारखं त्यांचंच नाव घेत्यात. एकदा तोंड दावून जावा म्हणावं.”

मी दुपारीच तासगाव गाठलं. मेजर एका ट्रकमागं गेट ओढून घेत होते. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि कडी लावली.

“सहा महिने कवा भरत्यात, ताई?”

“ते सोडा आता. आजच निघा. अण्णांशी मी बोलते.”

“सुभेदार साहेब सांगत हुते. एक जरी कमी पडला तरी पुढच्या लोकांचं अडतंय.”

“अहो, चार दिवस रजेवर जाऊन या. रजा म्हणजे काय नोकरी सोडणं नव्हे.”

“मला माझं ठावं हाय. त्या उंबऱ्यात पाय टाकला तर परत यायचो न्हाई मी. मग तुमी काय लिवणार? स्टँडवर अजून एक गडी हाय, माझ्याच पलटणीतला. तुझं बी हुतंय म्हणून त्याला शबूद दिलाय मी.”

“आणि दादा?”

“दादा लय चिवट हाय. थांबंल.”

दुसऱ्या दिवशी सुभेदार साहेब तासगावला गेले. समजावलं, रागावले, शेवटी हा हुकूम समज म्हणाले. मेजर ताठ उभे राहून ऐकत राहिले आणि तसेच गेटवर थांबले. साहेब परत आले ते थेट घरी गेले. अनुदानाचं आपण त्या माणसाला बोलायलाच नको होतं, असं पुढं कितीदा तरी म्हणाले.

मग मी तासगावला जाऊन माझ्या फोनवरून दोघा भावांचं बोलणं घडवून आणलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मेजर म्हणाले, “दादा, मी हाय रं. पुढल्या महिन्यात यतूय. तवर जेवान सोडू नगंस.”

सहा महिने भरायला आठवडाभर राहिला असताना दादा गेले. अण्णांनी स्वतःची गाडी दिली. मेजर पोचले तेव्हा सरण पेटलं होतं.

ते परत आले नाहीत. शेवटचे दिवस अण्णांनी रजेत धरले, त्यामुळं महिने पूर्ण झाले. माझ्या अहवालात मेजर यशस्वी ठरले, अनुदानही आलं, आणि स्टँडवरचा तो गडी त्याच गेटवर कामाला लागला. अहवाल मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा सुभेदार साहेब आणि मी समोरासमोर बसलो होतो. साहेबांनी मंजुरीचं पत्र माझ्याकडं सरकवलं, मी ते फायलीला लावलं.

उन्हाळ्यात मी मेजरांच्या गावी गेले. मेजर भावाची शेरडं राखत होते. वहिनींनी मला चहा दिला, जेवायचा आग्रह केला, जाताना कुंकू लावलं. मेजर मला सोडायला फाट्यापर्यंत आले. कडुनिंबाखाली आम्ही एसटीची वाट बघत उभे होतो.

“घरात बरं आहे ना?” मी विचारलं.

“व्हय. दोन टायमाला ताट वाढून देत्यात वहिनी. मी उशीर केला म्हणून एका शब्दानं बोलल्या न्हाईत, ताई. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.”

तेवढ्यात एसटी आली. त्यांनी हात करून ती थांबवली, माझी पिशवी वर दिली आणि दार लागेपर्यंत उन्हात उभे राहिले.