अप्पांनी कोठी सोडली तेव्हा

अप्पा गेल्याचं मला औश्याच्या स्टँडवर कळलं. कोठीवरच्या एका विद्यार्थ्याचा फोन होता. माझा नंबर त्याने माजी सदस्यांच्या वहीतून काढला होता. बस लागली होती, लोक चढत होते, आणि मी तसाच उभा राहिलो... त्याला महिना होत आला, आज लिहायला बसलोय.

लातुरातली ही कोठी अप्पांच्या आजोबांनी निजामाच्या काळात बांधली. ज्या दिवाणखान्यात एके काळी निजामाचे अधिकारी तालुकदारसाहेब लोडाला टेकून बसायचे, तिथं आम्ही खेड्यातली पोरं मांडी घालून वरण-भाकरी खायचो. अप्पांनी सगळी कोठी विद्यार्थ्यांच्या सहकारी संस्थेच्या नावे करून दिली आणि जिन्यावरची एक खोली तेवढी स्वतःला ठेवली, तीही साधा सदस्य म्हणून. स्वयंपाक पाळीने, झाडलोट पाळीने, आणि प्रत्येक निर्णय रविवारच्या बैठकीत हात वर करून. अप्पांचंही मत एकच. गुरुवारी त्यांची पाळी असे. गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सारून ते भाकरी थापायला बसत. ती हमखास एका बाजूने करपायची आणि आम्ही नावं ठेवत खायचो.

न सांगता तीन पाळ्या चुकवल्या, तर महिनाभर खोली सोडायची, हा नियम त्यांच्याच आग्रहाने झालेला. मी सचिव असताना सत्तरीतल्या अप्पांच्या लागोपाठ तीन पाळ्या चुकल्या. वय झालं होतं, वार लक्षात राहत नसत. आम्ही गुपचूप त्यांच्या वाटच्या भाकरी केल्या आणि फळ्यावर त्यांच्या नावापुढे हजेरीची खूण करून टाकली. रविवारी त्यांनीच विषय काढला. फळ्यावर खोटं लिहिलंय, म्हणाले. माफ करावं म्हणून सगळ्यांचे हात वर गेले. अप्पांनी ते खाली करायला लावले.

"मला सोडलं तर हे घर पुन्हा माझं व्हईल रे. मग तुमचं काय ऱ्हाईल?"

मत पुन्हा घेतलं. माझा हात सगळ्यात शेवटी वर गेला, आणि मला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन ते औश्याला बहिणीकडे गेले, ते बरोबर महिन्याने परतले. आपणच दिलेल्या घरातून नियमापायी असा निघालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या सकाळी त्यांच्यापुढे जे दडपण आलं, तसं मला देवळातही कधी आलेलं नाही.

परवा कोठीवर गेलो. अप्पांची खोली बैठकीने रीतसर मत घेऊन अर्धापूरच्या एका नव्या विद्यार्थ्याला दिली आहे. तो पुस्तकं पसरून बसला होता. ही कोठी कुणाची, ठाऊक आहे का, मी विचारलं. त्याने जरा नवलाने माझ्याकडे पाहिलं.

"कुणाची म्हंजे? आमचीच की."

अप्पांचं नाव ओठांवर आलं होतं... ते मी सांगितलं नाही.