चिंचेतले खिळे

माझ्या नवऱ्याची पहिली बायको बाळंतपणात गेली, हे मला लग्नाआधीच सांगितलं होतं. ती परसातल्या चिंचेत आहे, हे मात्र कोळवणच्या खोऱ्यात नांदायला आल्यावर कळलं. बाळंतीण मेली की तिची हडळ होते आणि घरात येणाऱ्या दुसरीला नेते, असं तिकडे मानायचे. म्हणून झाडात लोखंडी खिळा ठोकून तिला तिथंच खिळवून टाकायचं.

मी तेव्हा हसले होते. मला दिवस गेले आणि हसू आटलं. माझी आई नव्हती, त्यामुळे बाळंतपण सासरीच ठरलेलं. सासूबाई चिंचेकडे बघून पुटपुटायच्या, "खिळा दिसंना आता. गळून तर न्हाई पडला?"

त्याच सुमारास माझा थोरला भाऊ भेटायला आला. तो पुण्यात लाउडस्पीकरचे कर्णे दुरुस्त करायच्या दुकानात होता. त्याच्या पिशवीत कर्ण्यातला वाटोळा चुंबक होता, एक घोड्याच्या नालासारखा आणि एक बोटभर पट्टी. दुकानात विजेवरचाही आहे म्हणाला. वीज असेस्तोवर जिवंत, बटण बंद केलं की मढं. मला ते बोलणं मुळीच आवडलं नाही. त्यानं पट्टीला टाचणी लावली, तिला दुसरी लटकली. पहिली सोडवताच दुसरी गळून पडली. माझ्या जोडव्यांकडे आणि पितळी तांब्याकडे चुंबकानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"लोखंड आड असलं तरी ह्याला कळतंय," दादा म्हणाला आणि पट्टी मला देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी, घरचे निजलेले असताना, मी चिंचेपाशी गेले. पट्टी आडवी धरून खोडावरून फिरवली. काही नाही. खिळा नाही म्हणजे ती मोकळी. मग दादाचं सांगणं आठवलं, पट्टीचा सगळा जोर टोकांना असतो, मधोमध ती मेलेलीच असते. टोक लावलं. खांद्याच्या उंचीवर झाडानं माझा हात ओढून घेतला, कुणी मनगट धरावं तसा. वर साल सलग होती, खिळा तिनं आत गिळला होता. म्हणजे ती होती, जागच्या जागी होती. जिवात जीव येऊन मला रडूच फुटलं.

डोळे पुसताना पट्टी घसरली आणि वीतभर खाली पुन्हा खट्‌कन चिकटली.

मी तडक जाऊन सासूबाईंना उठवलं. "आत्याबाई, खिळं दोन हायेत."

त्या उठून बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुज्या आदी दोगी गेल्या. सांगितलं असतं तर आली असतीस व्हय?"

मी हट्टच धरला. नवऱ्यानं मला निमूट पुण्याला दादाच्या खोलीवर पोचवलं. दवाखान्यात मुलगी झाली, आम्ही दोघी धडधाकट.

परत आले तेव्हा सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि नातीला उराशी धरून रडल्या. बाई वाईट नव्हती, भ्यालेली होती. पट्टी ठेवायला मी देवाच्या कोनाड्यात हात घातला, तर बुक्क्याच्या पुडीमागून काहीतरी तिला येऊन चिकटलं. कोराकरकरीत खिळा होता, हळदकुंकू लावलेला.

कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. मी तो दगडानं भिंतीत ठोकला आणि त्यावर लेकीचं टोपरं अडकवलं. सासूबाई पुढे मरेपर्यंत त्या भिंतीकडे पाठ करूनच जेवल्या.