पायाळू जिजाजींची पाठ

आमच्या घराण्यातल्या तीन पिढ्यांना ज्याने लाथा घातल्या आणि तरीही ज्याचं नाव काढलं की घरात सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू येतं, असा माणूस सबंध रायपुरात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. माझे जिजाजी पायाळू आहेत. म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले आणि डोकं सवडीने मागून आलं. पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. बादली उचलताना एकदम कळ येऊन माणूस अर्ध्यातच अडकतो, ना वर ना खाली, ती उसण. मी रेल्वेच्या ऑफिसात कारकुनी करतो, कागद पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. पण माझी स्वतःची पाठ धरली तेव्हा मीही निमूटपणे जिजाजींसमोर भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो होतो, हे इथेच कबूल केलेलं बरं.

त्यांची आणि आमच्या घराची ओळखच लाथेने झाली. ताईच्या लग्नात कन्यादानाला वाकलेले आमचे बाबा वाकलेलेच राहिले. भटजींनी मंत्र दोनदा म्हणून पाहिला, काही उपयोग झाला नाही. तेव्हा मुंडावळ्या बाजूला सारत नवरदेव हळूच म्हणाले, "बाबा, मी पायाळू आहो. परवानगी असन तं पाय लावू का?" बाबांच्या तोंडून वेदनेने जो आवाज निघाला तो होकार समजण्यात आला, आणि भर मांडवात जावयाने सासऱ्याच्या कमरेला तीनदा पाय लावला. आमची आत्या रडायला लागली. पण बाबा सरळ झाले! ते सरळ होतात न होतात तोच नवरदेव वाकले आणि त्यांनी बाबांचे दोन्ही पाय धरून कपाळ टेकवलं. बाबा त्यानंतर जन्मभर येईल त्याला सांगत, "पोट्टा चांगला आहे. लाथ मारते, पण इचारून मारते."

ते पाया पडणं हा जिजाजींचा नियम होता. त्यांचे नियम बरेच होते. ‘लाथ’ हा शब्द त्यांना चालत नसे, ‘पाय लावणे’ म्हणायचं. आंघोळीआधी पाय लावायचा नाही, तीनच्या वर लावायचा नाही. उजव्या पायाची निगा तर अशी की उन्हाळ्यातही त्यात मोजा असे आणि गर्दीत त्यावर कुणाचा पाय पडला तर ते विव्हळत नसत, नुसते गंभीर होत. पण सगळ्यांत पक्का नियम हाच, की ज्याला पाय लावला त्याच्या पाया पडायचं. "दुसऱ्याले पाय लावणं चूकच असते, भाऊ. औषध म्हणून केली तरी चूकच. माफी मागाच लागते." मग समोर दूधवाली असो, नाहीतर माझी सहा वर्षांची मुलगी. ती तर पाया पडून घ्यायच्या हौसेने महिन्यातून दोनदा उसण भरल्याचं सोंग करायची आणि जिजाजी दरवेळी तिच्यापुढे जमिनीपर्यंत वाकायचे.

मग छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलं आणि भोपाळहून मोठमोठे साहेब त्यांच्या मोठमोठ्या पाठी घेऊन आले. जिजाजी सिंचन खात्यात बाबू होते. एका साहेबाची पाठ खाली पडलेलं पेन उचलताना धरली, शिपायाने जिजाजींना आत नेलं, दार लोटलं गेलं. बाहेर फक्त एवढं ऐकू आलं, "सर, क्षमा कीजिएगा," आणि मग तीनदा धप्प. साहेबाला लाथ मारायची इच्छा असलेले लोक त्या इमारतीत पुष्कळ होते. संधी एकट्या जिजाजींना मिळाली आणि त्यांनी ती इतक्या विनयाने वाया घालवली, याचं त्यांच्या सहकाऱ्यांना कायम वाईट वाटत आलंय.

या पायाचा लाभ जिला कधीच झाला नाही अशी घरातली एकच व्यक्ती, माझी ताई. तिची पाठ काही कमी धरत नसे. पण जिजाजी म्हणत, "बायकोले लाथ मारणारा माणूस मले व्हायचं नाई. औषध म्हणूनबी नाई." आणि समजा मारलीच, तर नियमाप्रमाणे नंतर बायकोच्या पाया पडायचं, ते ताईला मंजूर नव्हतं. "नवरा पाया पडन? कायले पाप लावता मले?" असा तीस वर्षांचा तिढा. शहर सगळं सरळ होऊन घरी जायचं आणि ताई स्वयंपाकघरात गरम पाण्याची पिशवी पाठीला बांधून पोळ्या लाटायची.

आणि मग जिजाजींचीच पाठ गेली. उसण नव्हे, रोजचं, सकाळी उठल्यापासूनचं दुखणं. पायाळू माणसाला स्वतःच्या पाठीला पाय लावता येत नाही. जिजाजींनी दिवाणाच्या कडेवर प्रयत्न करून पाहिला आणि दिवाणाखाली गेले. तेव्हा दुसऱ्या पायाळूचा शोध सुरू झाला. भनपुरीच्या ट्रान्सपोर्टमध्ये एक ट्रक ड्रायव्हर सापडला. तो म्हणाला, "हव भैया, मैं उल्टा ही पैदा हुआ हूँ, सीधा खड़े रहो," आणि जड गाडीचा ब्रेक दाबायच्या सवयीने त्याने जी लाथ हाणली, तिने जिजाजी समोरच्या पोत्यांवर जाऊन पडले. वर पाया पडणं नाही, माफी नाही! घरी आणताना ते रिक्षात कण्हत होते, पण तक्रार एकच होती: "संस्कार नाई त्याच्या पायात."

पुढे सहा महिने व्यायाम, शेक, गोळ्या झाल्या. ऑपरेशनचं नाव काढलं की जिजाजी विषय बदलायचे. मग एका संध्याकाळी ते बाजारातून घरी आले आणि ताईने विचारलं, "दुसरी चप्पल कुठं आहे जी?" त्यांनी खाली पाहिलं. उजव्या पायातली चप्पल वाटेत कुठेतरी गळून पडली होती आणि बूढापारा मोहल्ल्यातला निम्मा रस्ता ते अनवाणी चालत आले होते. त्यांना कळलं नव्हतं. मोजा फाटून टाचेला खडी टोचली होती, तेही कळलं नव्हतं. ते पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ त्या पायाला चिमटे काढत राहिले.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून समजावलं. कमरेचा एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकलाय, पायाकडे जाणारी नस दाबली गेलीय. नस मोकळी करायची, स्क्रू आणि सळ्या लावून दोन मणके जागेवर धरायचे, मध्ये हाडाचा चुरा भरायचा. काही महिन्यांत दोन्ही जुळून एकच हाड होईल. दुखणं कमी होईल, पूर्ण जाईलच असं वचन नाही. आणि पहिल्यासारखं वाकता येणार नाही. जिजाजींनी एवढंच विचारलं, "पाय परत येईन?" डॉक्टर म्हणाले, "बहुतेक. पण नंतर रोज चालावं लागेल." ऑपरेशनच्या आदल्या सकाळी नर्स वॉर्डात आली तेव्हा जिजाजी पलंगाचा कठडा धरून एका पायावर उभे होते आणि शेजारच्या पेशंटचा जावई त्यांच्याकडे पाठ करून. नर्स किंचाळली. "सिस्टर, उद्यापासून वाकता येणार नाई म्हणते," जिजाजी म्हणाले, "माफीसकट शेवटचं करून घेतो."

ऑपरेशन छान झालं, पण माणूस बिघडला. घरी आल्यावर ते कमरेला पट्टा बांधून खिडकीशी खुर्चीवर बसले ते बसलेच. वॉकर कोपऱ्यात उभा. लोक पाठ धरून यायचे, त्यांना ते म्हणायचे, डॉक्टरकडे जा. मी विचारलं तर म्हणाले, "वाकता येत नाई, सालेसाहेब. माफी मागता येत नाई तं पाय कसा लावू? अन हा पाय तरी कुठं आपला राह्यला आता!" डॉक्टर ताईला बजावून सांगत होते, चालले नाहीत तर पायाची ताकद परत येणार नाही. ताई विनवायची, रागवायची. भाची म्हणायची, "पापा, दो कदम तो चलो." ते खिडकीबाहेर बघत राहायचे. असे गप्प जिजाजी मी कधी पाहिले नव्हते आणि मला त्या घरी जायची भीती वाटायला लागली.

एका रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा ताई पाण्याची भरलेली बादली एका हाताने नेत होती. मला पाहून तिने ती खाली ठेवली, आत गेली, आणि लगेच आतून ओरडली, "अगं आई गं! उसण भरली!" कमरेवर हात ठेवून, वाकडी होत ती बाहेर आली आणि जिजाजींच्या पुढ्यात चटई टाकून पालथी पडली.

"पाय लावा जी."

"मलम लाव. बायकोले पाय लावत नाई मी."

"तीस वर्सं हेच ऐकून राहिली मी. मरून राहिली ना मी इथं, लावा!"

"अन मंग माफीले वाकन कोण?"

"ते मी पाहीन. उठा तुम्ही!"

जिजाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वॉकर आणून दिला. ते हळूहळू उभे राहिले, दोन पावलं आले, उजवा पाय उचलायला त्यांना फार वेळ लागला. मी पायातला मोजा काढला. त्यांनी पाय ताईच्या कमरेवर टेकवला, नुसता टेकवला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा टेकवला आणि उचललाच नाही.

"गरम आहे वं तुझी पाठ," ते म्हणाले. "पायाले कळून राहिलं मले."

ताई अलगद त्या पायाखालून बाजूला सरकली. मग ती ताडकन उठली, खुर्चीवर पाय देऊन जेवणाच्या टेबलावर चढली आणि मला म्हणाली, "पंखा बंद कर रे आधी." मी बटण दाबलं. उसण भरलेली बाई टेबलावर अशी चढत नाही, हे मला कळलं, आणि ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठी पाहिल्या त्या माणसाला कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. ते वॉकर सरकवत टेबलाशी गेले. तिचे पाय बरोबर त्यांच्या हातांच्या उंचीवर होते. ताठ उभ्यानेच त्यांनी ते दोन्ही हातांनी धरले.

"सोडा आता जी," ताई वरून म्हणाली.

"थांब वं," जिजाजी म्हणाले, "तीस वर्सं दुखत ठेवली तुझी पाठ. तिची माफी आहे."

मी पंख्याच्या बटणावर हात ठेवून उभा होतो आणि तो चालू करायची मला काही घाई नव्हती.